तारीख मिळेपर्यंतचे दिवस

सोयाबीनची सोंगणी तोंडावर आली की खेड्यातली सगळी दुखणी मागे पडतात. दाढ ठणकली तर लवंग, कंबर धरली तर बाम, ताप आला तर मेडिकलवाल्याकडची गोळी, असे करत माणूस हंगाम काढतो. बाईच्या छातीतली गाठ तर बहुतेक वेळा दुखतही नाही. म्हणून ती सगळ्यांत मागे पडते. पोळ्याला हाताला लागते, दिवाळीला जावेच्या कानावर जाते आणि संक्रांत ओलांडल्यावर दवाखान्याची पायरी चढते. या उशिराबद्दल बरेच लिहून झाले, पुढेही लिहावे लागेल. आज आम्हांला लिहायचे आहे ते त्याच्या पुढच्या टप्प्याविषयी. तपासणी झाली, सुईने तुकडा काढला, रिपोर्टावर कॅन्सर हा शब्द आला, आणि उपचार मात्र अजून सुरू व्हायचा आहे. हे मधले पंधरा दिवस, महिना, कधी दीड महिना. या दिवसांत घर काय करते यावर पुढचे बरेच काही ठरते, आणि नेमके याच दिवसांत त्या बाईला धड सांगणारे कुणी नसते.

हा शहरातल्या बायांचा आजार, अशी आपल्याकडे अजून समजूत आहे. बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. मुंबईपेक्षा तिथले प्रमाण कमी भरते हे खरे, पण रोग आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने दगावल्या. आपल्या देशातल्या बायांमध्ये हाच कर्करोग सगळ्यांत जास्त आढळतो. तेव्हा खामगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावाने, आपल्याकडे नाही, असे म्हणू नये.

निदान झाले की घरात पहिला सूर निघतो तो घाईचा. "काढून टाका म्हणा ते गाठ एकदाची, वाट काऊन पाहून राह्यले?" नवऱ्याचे किंवा भावाचे हे बोलणे मायेपोटी असते, पण ते चुकीचे आहे. तुकड्याच्या तपासणीत नुसते कॅन्सर आहे की नाही एवढेच पाहत नाहीत. गाठ स्त्री-संप्रेरकावर पोसते का, म्हणजे इ.आर. आणि पी.आर., तसेच हर-टू नावाचे प्रथिन तिच्यावर जास्त आहे का, हेही पाहावे लागते. त्या तपासणीला वेगळे दिवस लागतात. रोग काखेत, यकृतात, हाडांत गेला आहे का याचे फोटो निघतात. मग शस्त्रक्रियेचे, औषधांचे आणि किरणोपचाराचे डॉक्टर बसून क्रम ठरवतात. कुणाला आधी ऑपरेशन, कुणाला आधी केमो देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन. आधी केमो सांगितली म्हणजे डॉक्टरने हात टेकले, असा अर्थ काढणारे पाहुणे प्रत्येक घरात भेटतात. तसे काही नसते.

या धीराचा आणखी एक फायदा आहे. इटलीत मिलान येथे १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ बायांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांचे स्तन काढले, निम्म्यांचा गाठीकडचा भागच काढून वर किरणोपचार दिले. वीस वर्षांनी, २००२ साली हिशेब मांडला तेव्हा जगण्याच्या बाबतीत दोन्हींत फरक निघाला नाही. म्हणजे सगळ्याच बायांचे स्तन काढावे लागत नाहीत. पण हे ठरवायला पूर्ण तपासणी हाताशी लागते. घाबरून जवळच्या कुठल्याही लहान दवाखान्यात गाठ काढून घ्यायची, ती तपासायलाही पाठवायची नाही, आणि मग मोठ्या दवाखान्यात गेल्यावर सगळे पुन्हा करावे लागायचे, असे प्रकार आजही होतात. त्यापेक्षा दोन आठवडे थांबलेले बरे. गाठ कित्येक महिन्यांपासून, बहुधा वर्षांपासून वाढत आलेली असते. तपासण्यांत गेलेल्या दोन-तीन आठवड्यांनी बाई हातची जात नाही.

जाते ती महिन्यांनी. आणि हे महिने दवाखाना लावत नाही, घर लावते. तारीख मिळालेली असते, पण कापूस फुटलेला असतो. "वेचणी होऊ दे, मंग जाऊ." वेचणी झाली की हरभरा, हरभरा झाला की पुतणीचे लग्न, आणि लग्नघरात असे नाव काढायचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून जगापुढे जे मोजमाप ठेवले आहे ते साधे आहे. बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावे, आणि उपचार सुरू झालेल्या शंभरांतल्या किमान ८० जणींनी तो पूर्ण करावा. दुसरा आकडा आपल्यासाठी जास्त कामाचा. दोन केमो झाल्या, केस गेले, पैसे संपले, गाठ लहान दिसू लागली आणि घरचे म्हणाले आता पुरे, असे कितीक उपचार अर्ध्यावर सुटतात.

वाट पाहण्याच्या दिवसांत घरी येणारी दुसरी व्यक्ती म्हणजे गाठ विरघळवणारा. कुणाकडे पुडी असते, कुणाकडे लेप, कुणाकडे मंतरलेले पाणी. सुई लावली की रोग पसरतो, हे वाक्य याच मंडळींनी गावोगाव पोचवले. तपासणीच्या सुईने रोग पसरून बाई दगावते, हे खरे नाही. लेपाने मात्र कातडी जळते, चोळल्याने सूज येते, आणि दिवस जातात ते वेगळेच. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सरपंच आणि पोलीस पाटलांनी एवढे लक्षात ठेवले आणि बसस्थानकावरची, भिंतीवरची अशी पत्रके उतरवली, तरी एक मोठे काम होईल.

बाईच्या मनाचे काय होते, हे लिहिणे कठीण आहे, आणि आम्ही त्यावर मोठे प्रवचन देणार नाही. झोप लागत नाही, लागली तर पहाटे तीनला उघडते. शेजारीण आली की बोलणे थांबते. घरातली माणसे तिच्यासमोर एकमेकांना खुणा करतात. रिपोर्ट तिच्यापासून लपवून ठेवायचा हा तर आपल्याकडचा शिरस्ताच. तिला सांगितले तर खचेल म्हणे! ज्या बाईने नापिकी काढली, सावकार काढला, तिला खरे ऐकवत नाही, हे आम्हांला पटत नाही. न सांगितलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. डॉक्टरसमोर तिला बसू द्यावे, तिचे प्रश्न तिला विचारू द्यावेत. किती केमो, किती दिवसांच्या अंतराने, घरी कधी परतता येईल, शेतात कधी उतरता येईल. हे प्रश्न घरच्या पोरीने एका वहीत लिहून न्यावेत, उत्तरेही तिथेच उतरवावीत. तिथल्या गर्दीत अर्धे विसरते.

लेकरांनाही त्यांच्या वयापुरते सांगावे. ताट-वाटी वेगळी काढण्याचे काही कारण नाही, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आडून "छातीची गाठ" म्हणण्याची आपली रीत आहे, तीही चालेल, पण डॉक्टरसमोर आणि मुलींसमोर नाव घ्यावे. १९७४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले. त्यांनी ते झाकले नाही, तेव्हा तपासून घ्यायला तिकडच्या बायांच्या रांगा लागल्या. आपल्या गावातली एखादी बाई उघड बोलली तर तिच्या जावा-नणंदा तपासून घेतील.

शरीरासाठी या दिवसांत करण्यासारखे बरेच असते. शुगर किंवा बीपी असेल तर गोळ्या नेमाने घ्याव्यात, कारण शुगर चढलेली असली की ऑपरेशनची तारीख पुढे जाते. रक्त कमी असेल तर ते आधी भरून काढावे. तंबाखू, गुटखा, मशेरी बंद. भूक नसली तरी वरण, अंडे, दूध, शेंगदाणे पोटात जाऊ द्यावेत. कर्करोगाला उपाशी मारायचे म्हणून बाईलाच उपाशी ठेवणारे उपदेशक सध्या मोबाइलवर फार झाले आहेत. झेपेल तेवढे काम, चालणे सुरू ठेवावे. गाठ फुटली, रक्त येऊ लागले, धाप लागली किंवा हाडांत ठणका बसला तर मात्र तारखेची वाट पाहू नये, लगेच निघावे.

आता कागदांकडे येऊ. इथे गावातल्या अधिकाऱ्यांचे काम सुरू होते. आपल्या माणसांना शेवटी अकोला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईचे टाटा गाठावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत होती. पांढऱ्या कार्डाचा शेतकरी सातबारा दाखवून तिचा लाभ घेऊ शके तो १४ जिल्ह्यांत, आणि त्यांत आपला बुलडाणा होता. १ जुलै २०२४ पासून ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी आणि ५ लाखांपर्यंत झाली आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, १५५३८८ हा नंबर आहे. म्हणून बैलजोडी विकायच्या किंवा शेत गहाण टाकायच्या आधी त्याला भेटावे. सुरुवातीच्या तपासण्या, प्रवास आणि राहणे यांचा खर्च मात्र बहुधा घरचाच पडतो, तेवढी तजवीज हवी.

अडते कुठे, तर नावात. रेशनकार्डावर सासरचे नाव, आधारावर माहेरचे, मतदार कार्डावर तिसरेच. कुठे बाईचे नाव रेशनकार्डातून गळालेलेच असते, मुलगा वेगळा निघाला तेव्हा. दवाखान्याच्या खिडकीवर हे लक्षात आले की मुंबईहून खामगावला परत फेरी. तलाठी आणि ग्रामसेवक (पदनावे आता बदलली, ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, पण माणूस आणि टेबल तेच) यांनी अशा घरचा अर्ज आला तर तो त्याच दिवशी हातावेगळा करावा. "साहेब मिटिंगला गेले" हे उत्तर अशा घराला देऊ नये. पुरवठा विभागातल्या नावाच्या दुरुस्तीलाही हाच नियम लावता येईल. संजय गांधी निराधार योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणारा कर्करोगाचा रुग्ण येतो, महिना १,५०० रुपये मिळतात. गावात कुणी बसत असेल तर प्रकरण तयार करून तहसीलला पाठवणे हे काम त्या आजारी बाईने फेऱ्या मारून करायचे नसते.

कागदांबरोबर आणखी एक वस्तू न्यायची असते, ती म्हणजे तुकड्याच्या तपासणीचा ब्लॉक आणि काचा. नुसता रिपोर्ट पुरत नाही. मोठा दवाखाना त्या काचा पुन्हा पाहतो. पहिल्या लॅबमधून त्या मागून घेतल्या नाहीत तर इथेही आठवडा जातो.

आशा ताईंकडे तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरायचे काम आहे. त्यात स्तनात गाठ आहे का, हा प्रश्न आहे. तो उंबऱ्यावर, पुरुषांसमोर विचारला तर उत्तर नाही असेच येणार. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाखांवर बायांवर वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या बायांचे स्तन शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या, मॅमोग्राफी नाही. २०२१ साली निष्कर्ष छापून आला. त्या बायांचा रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हाताने तपासणे हे काम आपल्या उपकेंद्रात होण्यासारखे आहे. सगळ्या जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडू, पहिल्या वर्षी २००, असे केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सांगितले. आपल्या जिल्ह्याचा नंबर त्यात लवकर लागावा म्हणून आमदार-खासदारांच्या मागे लागावेच लागेल. केमोसाठी दर तीन आठवड्यांनी मुंबई करणे म्हणजे काय, हे ज्या घराने केले त्यालाच ठाऊक.

तोवर प्रवास आहेच. मुंबईला जाणाऱ्यांनी शेगावहून विदर्भ एक्स्प्रेस धरावी. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाच्या रुग्णांचा आणि सोबतच्या माणसांचा तिथे मुक्काम असतो. बाबा आपल्याच वऱ्हाडातल्या शेंडगावचे. एस.टी.त मार्च २०२३ पासून बाईला अर्धे तिकीट आहे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरचे भाडे पूर्ण माफ असते, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्याच्या सही-शिक्क्याचा ठरावीक फॉर्म लागतो. पहिल्याच खेपेला तो मागून घ्यावा, म्हणजे दुसऱ्या खेपेचे तिकीट त्यावर निघते.