रोगमुक्ती कोणाच्या मालकीची?

एचआयव्हीचा संसर्ग झालेला माणूस त्या विषाणूपासून पूर्णपणे मुक्त होऊ शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर तत्त्वतः होकारार्थी आहे. बर्लिन येथे टिमथी रे ब्राऊन या रुग्णावर रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ व २००८ साली मूलपेशींचे रोपण करण्यात आले. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी सीसीआर-५ हे दार लागते. ते ज्याच्या शरीरात जन्मतःच बंद होते, असा दाता डॉ. गेरो ह्यूटर यांनी हेतुपूर्वक निवडला होता. २०२० साली ब्राऊन कर्करोगाने वारले, पण विषाणू परतलेला नव्हता. पुढे लंडन व अन्य शहरांतील मोजके रुग्णही अशाच रोपणाने मुक्त झाले. परंतु हे रोपण स्वतःच जिवावर बेतणारे असते. जगातील सुमारे चार कोटी बाधितांसाठी तो मार्ग नव्हे.

सर्वांना परवडेल असा मार्ग अद्याप सापडलेला नाही, याचे शास्त्रीय कारण स्पष्ट आहे. १९९६ पासून रूढ झालेल्या संयुक्त औषधोपचाराने विषाणू आटोक्यात राहतो, रुग्ण दीर्घकाळ कामधंदा करीत जगतो. मात्र औषध थांबले की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा डोके वर काढतो. तो काही पेशींच्या जनुकद्रव्यात आपली प्रत गुंफून निद्रिस्त राहतो आणि निद्रिस्त विषाणूवर औषधाची मात्रा चालत नाही. त्याला जागे करून नष्ट करावे, जनुकीय कात्रीने कापून काढावे, की प्रतिपिंडांच्या साह्याने शरीरालाच पहारेकरी बनवावे, अशा विविध दिशांनी संशोधन चालू आहे.

यावर काही व्यवहारवादी मंडळी विचारतात की, गोळ्यांनी आयुष्य निभावत असेल तर या खर्चिक शोधाची गरीब देशांना गरज काय? या आक्षेपाचे उत्तर २०२५ सालाने दिले. त्या वर्षी अमेरिकेने परदेशी आरोग्यसाहाय्य गोठवले व छाटले. आफ्रिकेतील अनेक दवाखान्यांची दारे बंद झाली, आणि दक्षिण आफ्रिकेतील संशोधनाच्या अनुदानांवरही कुऱ्हाड कोसळली. जन्मभराची गोळी म्हणजे जन्मभराचे परावलंबन होय. दूरच्या राजधानीतील एका सहीने ती बंद होऊ शकते. गरिबांच्या दृष्टीने रोगमुक्ती ही चैन नसून स्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

पण मग हे संशोधन कोणाच्या पैशावर आणि कोणत्या हेतूने चालावे? औषध कंपन्यांनी रोगमुक्तीचा शोध दडवून ठेवला आहे, अशी एक वदंता अधूनमधून ऐकू येते. तिला पुरावा नाही आणि अर्थशास्त्राला तिची गरजही नाही. नफ्याचा साधा हिशोब पुरेसा आहे. हेपटायटिस-सी हा रोग समूळ बरा करणारे औषध २०१३ साली गिलियड कंपनीने अमेरिकेत बाजारात आणले, तेव्हा पूर्ण उपचाराची किंमत ८४,००० डॉलर होती. रुग्ण बरे होऊ लागले तशी गिऱ्हाइके घटली आणि काही वर्षांतच विक्री ओसरली. २०१८ साली गोल्डमन सॅक्स या वित्तसंस्थेच्या अहवालात, रुग्णांना बरे करणे हा टिकाऊ धंदा ठरतो काय, असा प्रश्नच उपस्थित करण्यात आला. प्रश्न विचारणारे दुष्ट होते असे नव्हे. ज्या व्यवस्थेत ते बसले होते तिचा तो स्वाभाविक प्रश्न होता.

या व्यवस्थेतून रोगमुक्ती आलीच, तर ती कोणत्या भावाने येईल याचाही नमुना समोर आहे. सिकलसेल या रक्तविकारावरील जनुकीय उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. किंमत बावीस लाख डॉलर. गडचिरोली व नंदुरबारच्या आदिवासींत हा विकार पिढ्यान्‌पिढ्या आहे. विज्ञानाने त्यांच्या रोगावर उपाय शोधला, पण तो त्यांच्यासाठी शोधला असे म्हणता येईल काय?

विषाणूच्या उपप्रकारांचा प्रश्नही असाच आहे. भारतात व दक्षिण आफ्रिकेत प्रामुख्याने आढळतो तो 'सी' उपप्रकार, युरोप-अमेरिकेत 'बी'. संशोधन मात्र दीर्घकाळ मुख्यतः 'बी'भोवती फिरले. म्हणूनच डर्बन येथे वीस तरुण स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचे महत्त्व मोठे आहे. प्रतिपिंडांचा उपचार देऊन त्यांची नेहमीची औषधे देखरेखीखाली थांबवण्यात आली, आणि त्यांपैकी चौघी अभ्यासाचा काळ संपेपर्यंत औषधावाचून राहू शकल्या. ही रोगमुक्ती नव्हे. पण जेथे रोग आहे तेथेच शोध घेतला पाहिजे, हे तिने दाखवून दिले.

भारताला या बाबतीत स्वतःचा इतिहास आठवावा लागेल. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नाकारली, म्हणूनच २००१ साली सिप्ला कंपनी वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्चाचा उपचार ३५० डॉलरांत देऊ करू शकली. २००५ साली जागतिक व्यापार संघटनेच्या अटींनुसार तो कायदा बदलला. सक्तीच्या परवान्याची तरतूद अजून शाबूत आहे. पण तिचा यशस्वी वापर आपण केला तो एकदाच, २०१२ साली, कर्करोगाच्या औषधासाठी.

तेव्हा मागणी तीन गोष्टींची केली पाहिजे. सार्वजनिक पैशातून झालेल्या शोधाचा परवाना देताना किमतीची कमाल मर्यादा आधीच ठरावी. पुण्यात १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेसारख्या सरकारी संस्थांना 'सी' उपप्रकारावरील दीर्घ संशोधनासाठी निर्वेध निधी मिळावा. आणि नव्या व्यापारकरारांत सक्तीच्या परवान्याचा हक्क विकला जाऊ नये. शोध लागल्यानंतर किमतीविरुद्ध मोर्चे काढायचे, की शोध लागण्यापूर्वीच त्याच्या मालकीचा निर्णय करायचा, एवढाच प्रश्न आहे. पहिल्या मार्गावर, औषधे अस्तित्वात असूनही दर न परवडल्यामुळे, आफ्रिकेतील लक्षावधी माणसे मेली. ती किंमत पुन्हा मोजण्याचा अधिकार कोणालाही नाही.