विश्लेषण : मोडेम कंपनीचा, मनस्ताप ग्राहकाचा?

नेरूळच्या सोसायट्यांमध्ये एकेकाळी इंटरनेट म्हणजे एमटीएनएलची तांब्याची तार. आता जिन्याजिन्यातून फायबर गेले, वेग वाढला. मात्र घरातला मोडेम बिघडला की तक्रार अजूनही ‘एकदा बंद करून चालू करा’ इथेच अडकते. कॉल सेंटर, स्थानिक केबलचालक आणि तंत्रज्ञ एकमेकांकडे बोट दाखवतात आणि बिल ग्राहक भरतो.

बिघाड कसा ओळखावा?

फायबर जोडणीत भिंतीवरचा डबा, म्हणजे ओएनटी, प्रकाशाचे संकेत डेटामध्ये बदलतो. अनेकदा वायफाय राउटरही त्यातच असतो. ‘एलओएस’ दिवा लाल असेल तर डब्यापर्यंत प्रकाश पोहोचत नाही. केबल तुटलेली, दुमडलेली किंवा कनेक्टर सैल असण्याची शक्यता अधिक. ‘पॉन’ दिवा स्थिर हिरवा असूनही केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर इंटरनेट तुटत असेल, तर डबा, अ‍ॅडॉप्टर किंवा कंपनीचे जाळे तपासायला हवे. केवळ वायफाय अडखळत असेल तर शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दीही कारण असू शकते. ही नोंद तक्रारीतच दिली, तर ‘रीस्टार्ट’ची एक फेरी वाचते.

नियम काय सांगतात?

‘ट्राय’चे सेवा गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार बिघडलेली स्थिर जोडणी तीन दिवसांहून अधिक बंद राहिल्यास ग्राहकाला भरपाई मिळते. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक द्यावा लागतो. मुदतीत निवारण न झाल्यास ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते आणि निर्णय ३९ दिवसांत अपेक्षित असतो. ‘ट्राय’ स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

तरीही दाद न मिळाल्यास?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार ग्राहक थेट ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. नेरूळकरांसाठी तो ठाणे जिल्हा. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही.

डबा कोणाचा?

खरा प्रश्न हाच. अनामत घेऊन किंवा वापरापुरता दिलेला डबा कंपनीच्या मालकीचा असतो. तो आपोआप बिघडला तर बदलून देणे हा उपकार नव्हे, सेवेचाच भाग आहे. जर्मनीने १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःच्या पसंतीचा राउटर लावण्याचा हक्क दिला. आपल्याकडे निदान डब्याची मालकी आणि तो बदलून देण्याची मुदत बिलावर छापली जावी. तोवर अनामतीची पावती आणि डॉकेट क्रमांक जपून ठेवणे, हेच ग्राहकाचे हत्यार.