हातांची विद्या

घरांतील मुलास वा मुलीस वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला कीं पेढे वाटले जातात, आणि त्याच दिवसापासून वडीलधारी मंडळी आपापलीं दुखणीं त्या विद्यार्थ्यापुढें मांडूं लागतात! अशा घरांनीं त्यास एक प्रश्न अवश्य विचारावा, असें आम्ही सुचवितों : कोणाचें हृदय अकस्मात् बंद पडलें, तर काय करावयाचें तें तुझ्या हातांस येतें काय? 'हातांस' हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. तोंडपाठ उत्तर बहुतेक सर्वच देतील.

छातीवर बाहेरून दाब देऊन थांबलेल्या हृदयाचें काम कांहीं काळ चालवितां येतें, हें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स येथील कोवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलें. पैकीं कोवेनहोवेन हे मूळचे वैद्य नव्हेत, विद्युत्-अभियंते! त्याच सुमारास नॉर्वेंतील खेळणीं बनविणारे आस्मुंड लेर्डाल यांनीं सरावासाठीं मनुष्याकृति पुतळा तयार केला. आजहि विद्यार्थी तसल्याच पुतळ्यांवर शिकतात.

रोग्यास कठीण जागीं उताणें निजवावें, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एकावर एक तळहात ठेवून, कोपर ताठ धरून, मिनिटास १०० ते १२० या गतीनें दाब द्यावे. प्रौढाची छाती दर वेळीं ५ ते ६ सेंटिमीटर खालीं गेली पाहिजे. ३० दाबांमागें २ श्वास. ऐकावयास हें सोपें. परंतु नवशिका दाबतो, आणि हात पुरता उचलीत नाहीं. छाती पूर्ववत् वर आल्यावांचून हृदयांत रक्त भरत नाहीं. मग रिकाम्या पिचकारीचा दट्ट्या कितीहि जोरानें रेटला तरी काय उपयोग? शिवाय दोन मिनिटांतच दाब उथळ होऊं लागतात, म्हणून माणूस बदलावा लागतो. हृदय थांबल्यावरहि रोगी कित्येकदां तुटक, घरघरता श्वास घेतांना दिसतो. "श्वास चालूं आहे" असें समजून येथें विद्यार्थी थबकतो, आणि घरचीं माणसेंहि थबकतात.

दुसरा अडथळा संकोचाचा. बहुतेक पुतळ्यांची छाती सपाट असते. त्यामुळें स्त्रीच्या छातीवर हात ठेवण्याचा प्रसंग आला कीं तरुण विद्यार्थी कचरतो. याविषयीं वर्गांतच उघडपणें बोललें पाहिजे. सभ्यतेच्या भीतीनें कोणाची आई दगावूं नये.

२०१९ पासूनच्या अभ्यासक्रमांत आरंभींच्या परिचयवर्गांतच हें शिक्षण ठेविलें आहे, तें योग्यच झालें. पण ही विद्या कांहीं महिन्यांतच हातांतून निसटते. तबल्याचा ठेका एकदां शिकून कोणी वर्षभर स्वस्थ बसतो काय? महिन्या-दोन महिन्यांनीं पांच-दहा मिनिटें सराव, हाच त्यावर उपाय. त्यासाठीं पुतळा सदैव हाताशीं हवा. कपाटांत कुलुपबंद ठेवलेला पुतळा कोणास शिकविणार?

कांहींच उपाय न झाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटास शेंकडा ७ ते १० नीं घटते, आणि रुग्णवाहिका उडून येत नाहीं. म्हणून दिवाळीच्या सुटींत विद्यार्थी घरीं आला कीं त्याच्यापुढें एक घट्ट लोड ठेवावा. लोडावर दाबाची खोली कळणार नाहीं. गति व हातांची ठेवण मात्र सर्वांस दिसेल. नंतर घरांतील प्रत्येकानें दोन मिनिटें करून पाहावें, १०८ कोणी फिरवावयाचा तेंहि ठरवून ठेवावें. जिवंत माणसाच्या छातीवर हा सराव मात्र कदापि करूं नये.