म्हातारीची पाठ बघितली का, साहेब?



मी बीडमध्ये दवाखाना चालवतो. पेशंट बहुतेक वयस्कर. त्यामुळं आई-वडिलांच्या पोटगीच्या केसमध्ये डॉक्टर म्हणून मत द्यायला चार-सहा वेळा जाणं झालं. दरवेळी बोलावलं ते एका पक्षानं. प्रांत साहेबांच्या न्यायाधिकरणानं स्वतःहून एकदाही नाही.

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा काढून बघा. कलम ८(३). पोटगीचा दावा ठरवताना त्या विषयातल्या जाणकाराला न्यायाधिकरण स्वतः मदतीला घेऊ शकतं. मग घेत का नाही?

एका आजीची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. पंच्याहत्तरी पार, अडीच एकर रान. थोरला दिवाळी झाली की कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं जातो, तो पाडव्याच्या सुमारास परत. म्हणून आजी धाकट्याकडं. त्यानं रान बक्षीसपत्रानं नावावर करून घेतलं. अर्ज आजीचा, धावपळ लेकीची. धाकटा म्हणाला, "आईला फुलासारखी जपतो." दोन शेजाऱ्यांनी मान डोलावली. झालं, जबाब पूर्ण!

आजीच्या माकडहाडावर हाडापर्यंत गेलेली जखम होती. ती कागदावर कुठंच नव्हती, कारण तिला कुणी कुशीवर वळवून बघितलंच नव्हतं.

मी बोललो तर धाकटा म्हणतो, "डॉक्टरला ताईनं पैसे दिलेत." दिले नव्हते. पण त्याचा संशय चूक म्हणता येत नाही. पक्षानं आणलेला डॉक्टर त्याच पक्षाचा वाटणार. आणि बऱ्याच केसमध्ये डॉक्टर आणायची ऐपत पोराची असते, आईची नसते.

आता लेकीला न आवडलेलं वाक्यही सांगतो, कारण ते मी तिथंच बोललो होतो. नुसत्या जखमेवरून हेळसांड सिद्ध होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या, शुगर असलेल्या, खाणं तुटलेल्या माणसाला चांगली सेवा करूनही अशी जखम होते. बघायचं असतं ते वेगळंच. जखम रोज धुतात का, वजन किती उतरलं, खाली गादी कसली, कूस दर दोन तासांनी कोण बदलतं. हे बघायला घरी जावं लागतं. गेलं कुणीच नाही.

दुसरी बोंब बक्षीसपत्राच्या वेळच्या दाखल्याची. "शुद्धीवर आहेत, सर्व समजते." दोन मिनिटांत शिक्का. उलट्या बाजूनं तर आणखी गंमत. स्मरणशक्तीच्या ३० मार्कांच्या नेहमीच्या चाचणीत वाक्य लिहायचं असतं, आकृती काढायची असते. ज्या बाईनं जन्मात पाटी धरली नाही ती तिथं नापासच होणार! निरक्षरांसाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात हिंदीतून वेगळी चाचणी केली गेली, ती आपल्याकडं वापरतंय कोण? आजीला मी तारीख विचारली, नाही आली. वार विचारला तर म्हणाली, "आज बाजार हाय ना रं!" बरोबर होतं. पण आपण काय लिहून दिलं असं विचारल्यावर म्हणाली, "घरकुलाचा कागद."

कलम २३ सांगतं, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत घेता येते. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, तशी अट होती हे दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या केसमध्ये त्याच कोर्टानं म्हटलं, हा कायदा ज्येष्ठांच्या भल्याचा आहे, तो उदारपणे वाचा, आणि बक्षीसपत्र रद्द केलं. पण सांभाळलं की नाही, हे शेवटी ठरणार कशावरून? शेजाऱ्यांच्या माना डोलावण्यावरून?

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. प्रांत साहेबांनी एक पत्र धाडलं तर कुणाच्याच बाजूचा नसलेला डॉक्टर मिळेल. अर्ज करणाऱ्यांनीही पहिल्याच अर्जात ८(३) ची मागणी लिहा, आणि जखमेचे फोटो तारखेसह जोडा.

आजीचा पोटगीचा निकाल अजून लागलेला नाही. कायद्यातले ९० दिवस कधीच उलटले, आणि वाढवून मिळणारे ३० सुद्धा.