आधी खाली निजा, मग ओरिजिनल म्हणा

जुन्या जीपला उठसूट ‘ओरिजिनल’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. हिरवा रंग मारला, बॉनेटवर पांढरा तारा काढला, की झाली ओरिजिनल. अहो, रंग डब्यात मिळतो. जीप असते ती खाली. गिअरबॉक्स, ट्रान्सफर, जॉइंट शाफ्ट, क्राउन-पिनियन. तिथं पाठ टेकून बघतंय कोण? कपडे मळतात ना!

आमच्या आण्णांनी १९७१ साली मिलिटरीच्या लिलावातनं फिरत आलेली एक जीप घेतली. तिनं गूळ बाजारात नेला, अडलेल्या बाया दवाखान्यात नेल्या, पुढं वडापसुद्धा केलं. पेट्रोल परवडेना, तेव्हा मिस्त्रीकडनं डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि पेट्रोलचं भंगारात घातलं. ती चूक आमची, कबूल. पण गाडी दारात पुजायला घेतली नव्हती.

दहाबारा वर्षांमागं शहरातनं एक शौकीन आले. बॉनेट उघडलं नि तोंड वाकडं केलं. “काका, हिच्यात ओरिजिनल काही राहिलं नाही. तुम्ही खेड्यातल्या लोकांनी वाट लावली गाड्यांची.” मी वरमलो. भंगाराच्या भावात देऊन टाकली.

चार महिन्यांनी मिस्त्री म्हणाला, “तात्या, तुमचा मागचा एक्सल त्यानं दुसऱ्या जीपला घातला. लढाईतला व्हता त्यो.”

“मग आधी का बोलला न्हाईस?”

“तुमी इचारलं व्हय?”

नंतर त्याच्याच हाताखाली बसून मी शिकलो. मागच्या चाकाचा हब बघायचा. लढाईतल्या जीपला मधे गोल चकती, तिला सहा बोल्ट. ते काढले की चाक न काढता एक्सल बाहेर ओढता येतो. लढाईनंतर थोड्याच दिवसांनी मधे एकच मोठा नट आला, आत खिळ घातलेला. हे तर उभ्याउभ्या दिसतं.

दुसरं, क्राउनचे दाते. हौसिंग उघडायची गरज नाही. पुढच्या चाकांना दगडाची उटी लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल करा. हँडब्रेक सोडायला विसरू नका, या जीपचा हँडब्रेक शाफ्टवरच असतो. शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि उचललेलं चाक दोन पुरे फेरे फिरवा. शाफ्टचे फेरे पाचाला जरा कमी पडले तर दाते ३९ आणि ८, म्हणजे लढाईतली जोडी. पाच फेरे होऊन वर तिसरा हिस्सा फिरला, तर ४३ आणि ८. ती लढाईनंतरच्या सीजे जीपांची. महिंद्रानं आपल्याकडं बनवलेली सीजे-३बी त्यातलीच. खडूला पैसे किती लागतात?

आणि तो ‘एफ’चा बोल्ट! फोर्डनं बनवलेल्या जीपच्या बोल्टांवर एफ उठवलेला असे, हे खरं. पण दलाल एक बोल्ट दाखवून अख्खी गाडी फोर्डची म्हणून गळ्यात मारतो. लढाईत विलीस आणि फोर्ड या दोन्ही कंपन्या एकाच नकाशावर जीप बनवत होत्या, ते मुळात एकीचा भाग दुसरीला बसावा म्हणूनच. मिलिटरीच्या वर्कशॉपात हाताला लागेल तो भाग बसला. मग नुसत्या एका बोल्टानं काय ठरतं? तसंच गिअरबॉक्सचं. लढाईतला टी-८४ नाजूक, नंतरचा टी-९० दणकट. जुन्या जीपला टी-९० दिसला तर ती राबलेली आहे एवढंच समजा, नाक मुरडू नका.

बदललेल्या भागाबद्दल माझी तक्रार नाहीच. बदलला तर बदलला म्हणून सांगा. घेताना ‘बदललंय’ म्हणून भाव पाडायचा, विकताना तोच एक्सल ‘ओरिजिनल’ म्हणून मिरवायचा, वर नंबर घासून नवे ठोकायचे, ह्याला शौक म्हणत नाहीत. आमच्या मिस्त्रीनं डिझेल इंजिन बसवताना पाटा कापला, तो त्यानं लपवला नाही. वेल्डिंग आंधळ्यालाही कळलं असतं.

मागल्या दिवाळीत भाच्याची जीप बघायला गिऱ्हाईक आलं. आल्याआल्या बॉनेटकडं निघालं. मी पोतं अंथरलं, हातात खडू दिला आणि म्हणालो, “साहेब, आधी खाली.” त्यांनी एकदा आपल्या पांढऱ्या पँटीकडं बघितलं, एकदा पोत्याकडं, आणि चहा न घेताच गेले.