सातबाऱ्यावर तिचे नाव हवे

राहाता तालुक्यातील गोदाकाठच्या पुणतांब्याने 1 जून 2017 पासूनच्या शेतकरी संपाचे नेतृत्व केले आणि फेब्रुवारी 2019 मध्ये याच गावातील शेतकऱ्यांच्या लेकींनी अन्नत्याग केला. तरीही शेतकरी म्हणजे पुरुष असे गृहीत धरूनच शेतीप्रश्नाची चर्चा होते. वस्तुतः वाफ्यात दिवसभर वाकून, एका हातात रोपांची जुडी धरून, अंगठ्याने एकेक रोप चिखलात दाबत केली जाणारी कांदालागवड, नंतरची खुरपणी आणि काढणीनंतर पात कापणे ही कंबर मोडणारी कामे बहुतांशी बायाच करतात. सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर, नाव नसल्याने पीककर्ज वा अनुदानासाठी मात्र त्यांना घरातील पुरुषाकडे पाहावे लागते, आणि हा उघड अन्याय आहे. शेतकरी संघटनेच्या 1986 च्या चांदवड महिला अधिवेशनानंतर उभ्या राहिलेल्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक पुरुषांनी स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन केली. पुढे 1992 मध्ये शासनानेही पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची योजना आणली. संपाची ठिणगी टाकणाऱ्या पुणतांब्याच्या ग्रामसभेने ही नोंद घरोघरी करून घेण्याचे काम आता हाती घ्यावे.