नटीची प्रतिष्ठा आणि आमचीं दोन मापें

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठीं एका नाट्यप्रवेशाची तालीम चालू असतां एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांचा मुलगा व मुलगी दोघेंहि त्या प्रवेशांत होतीं. मुलाविषयीं त्यांची कांहीं तक्रार नव्हती. उलट त्याचीं वाक्यें पाठ झालीं कीं नाहीं, याची त्यांनीं आस्थेनें चौकशी केली. "मुलीला मात्र वगळा, सर. गाते चांगली, हें खरें, पण मुलगी रंगमंचावर उभी राहिली म्हणजे चार लोक नांवें ठेवतात," असें ते म्हणाले. ते गृहस्थ दुष्ट नव्हेत. लोकनिंदेस भिणारे होते, इतकेंच. आम्हींहि वाद न घालतां तिचें नांव यादींतून खोडलें. ते गेल्यावर मात्र ज्योत्स्ना भोळे यांच्या चरित्राची आम्हांस आठवण झाली, आणि आपण बरें केलें नाहीं, असें वाटूं लागलें.

ज्योत्स्नाबाईंचा जन्म १९१४ सालीं गोमंतकांतील बांदिवडें येथें झाला. माहेरचें त्यांचें नांव दुर्गा केळेकर. संगीतज्ञ केशवराव भोळे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्या काळीं संगीत नाटकांतील नायिकेचें काम पुरुषानें करावें, असा प्रघात होता, व बालगंधर्वांच्या असामान्य गुणांमुळें त्यास मोठें तेज चढलें होतें. केवळ स्त्रियांच्या कांहीं नाटकमंडळ्या निघाल्या होत्या, हिराबाई बडोदेकरांनींहि धैर्यानें रंगभूमीवर पाऊल टाकिलें होतें. तरी समाजाचें मन पुरतें वळलें नव्हतें. अशा वेळीं १ जुलै १९३३ रोजीं 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनें मुंबईस 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक केलें, व त्यांत बिंबाची भूमिका ज्योत्स्नाबाईंनीं केली.

या नाटकाचें मूळ नॉर्वे देशाचे ग्रंथकार ब्यॉर्नसन यांच्या एका नाटकांत आहे. वधूच्या ठायीं जें शील आपण अपेक्षितों, तेंच वराच्या ठायीं कां अपेक्षूं नये, हा त्यांतील प्रश्न. पुढें १९४२ सालीं मो. ग. रांगणेकर यांच्या 'कुलवधू' नाटकांत ज्योत्स्नाबाई भानुमती झाल्या. मास्टर कृष्णरावांच्या चाली व ज्योत्स्नाबाईंचा गळा यांमुळें त्यांतील पदें घरोघरीं पोहोंचलीं. ही भानुमती म्हणजे नटीचा व्यवसाय करणारी विवाहिता; पत्नीची कीर्ति पतीस सोसत नाहीं, हें तिचें दुःख. पाहा, कीं ज्या दोन नाटकांनीं या गायिकेस कीर्ति दिली, त्या दोहोंचा विषय एकच आहे: पुरुषास एक माप व स्त्रीस दुसरें!

यावर कोणी म्हणतील कीं, नाटकाच्या व्यवसायांत जागरणें आहेत, प्रवास आहे, कुसंगतीचें भय आहे. तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कुसंगति मुलगा व मुलगी असा भेद करीत नाहीं. भय खरें असेल तर तें दोघांसहि आहे. मग दोघांसहि सावध करावें, दोघांवरहि लक्ष ठेवावें. मुलीस घरीं बसविल्यानें मुलगा सुरक्षित होत नाहीं. बालगंधर्वांनीं लुगडें नेसून स्त्रीचें सुखदुःख रंगविलें, तेव्हां आपण त्यांस डोक्यावर घेतलें, व तें योग्यच केलें. मग स्त्रीनें स्वतःचें सुखदुःख स्वतःच्या कंठांतून गाइलें, तर त्यांत कुळास बट्टा कसा लागतो?

१९७६ सालीं संगीत नाटक अकादमीनें ज्योत्स्नाबाईंचा गौरव केला. २००१ सालीं त्या निवर्तल्या. पुण्यांत त्यांच्या नांवाचें एक सभागृह आहे. हें सर्व भूषणावह खरें. पण पहिल्या प्रयोगापासून त्या गौरवापर्यंत त्रेचाळीस वर्षें लोटलीं, हें विसरूं नये. पारितोषिक मिळालेल्या प्रौढ स्त्रीस आपण हार घालतों, आणि आपल्याच घरांतील मुलगी पहिलें पाऊल उचलूं लागली म्हणजे तिचा हात मागें ओढतों. पहिलें पाऊल अडविलें, तर हार घालावयाचा कोणाला?

संमेलनाच्या दिवशीं त्या मुलाच्या कामास टाळ्या पडल्या. त्याची बहीण आईशेजारीं बसली होती. प्रवेशांतील सर्वांचीं वाक्यें तिला पाठ होतीं. तिचे ओठ हलत होते, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें. आमच्या हातून झालेली चूक आम्ही पुढील वर्षीं करणार नाहीं. पालकांस आमची एवढीच विनंती आहे: नाटक अनुचित वाटत असेल, तर दोन्ही मुलांचीं नांवें खोडावयास सांगा, उचित वाटत असेल, तर दोन्ही राहूं द्या. माप एकच असूं द्या.